वरचे चार दात

बेगम मिरजेहून आली ती हातातली पिशवी खाली न ठेवताच बापासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अब्बा, आ करा."

बाबालाल खाटेवर बसून सॅक्सोफोनची पत्ती जिभेवर भिजवत होता. वेताची ती चपटी पट्टी तोंडात असली की त्याला बोलावं लागत नसे, आणि गेले चार दिवस त्याला बोलायचं नव्हतंच. दुपारचे चार वाजले होते. गंगावेशीतल्या बँडच्या दुकानामागची ही खोली. भिंतीवर लाल कोटांची रांग टांगलेली, त्याखाली ढोल, ढोलावर वाळत घातलेली नातवंडांची लंगोटं.

"पत्ती हाय तोंडात," बाबालाल पत्तीसकट म्हणाला.

"काढा की मग."

बापानं तोंड उघडलं. बेगम मिरजेच्या एका दवाखान्यात नऊ वर्षं नर्स होती. तिनं पाहिलं मात्र, आणि पिशवी आपोआप खाली ठेवली. वरचे पुढचे चार दात नुसते हिरडीवर उभे होते. हिरडी जांभळी पडली होती, आणि सूज नाकाच्या कडेनं डोळ्याखाली चढली होती. त्यात बापाला साखर.

"येताना राजारामपुरीत उतरलो मी," ती म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी मिरजेला नांदल्या तरी स्वतःला पुरुषासारखंच बोलायच्या. "दातांच्या डॉक्टरांस्नी, मला धाडल्याला तुमचा फोटो दावला, एक्सऱ्याचा. उद्या धाचा टायम दिलाय. वरचे चारीबी काढायचे. हाडात गेलं तर मग माझ्याबी हातात काय न्हाय ऱ्हानार."

बाबालालनं पत्ती परत तोंडात ठेवली.

"उद्या?" पडद्यापलीकडून, दुकानातून आवाज आला, आणि आवाजामागोमाग इकबाल आत आला. थोरला. बँड आता तोच चालवायचा. "उद्या कसं काढता येतील? आइतवारी वारणानगरची सुपारी हाय."

"सुपारीला दुसरा मानूस बघ."

"दुसरा मानूस चालत न्हाय म्हणूनच तर सुपारी आली, बेगम. कारखान्याच्या संचालकाच्या पोरीची वरात हाय. मानूस स्वतः आलता दुकानात. म्हनाला, बँड कुठलाबी असू दे, सॅक्सोफोनवर बाबालालच पायजेत. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात त्यांनीच वाजवलंय म्हनाला. चार दिसांचा तर प्रश्न हाय. सोमवारी काढू की."

आता या घरात सुपारी म्हणजे नुसता शब्द नव्हता. वरात ठरवायला येणारा माणूस खरोखरची सुपारी हातावर ठेवी, आणि वरात मांडवात पोचेपर्यंत ती सुपारी बाबालालच्या बायकोच्या, कुलसुमच्या पत्र्याच्या डब्यात राही. डबा आत, स्वयंपाकघरातल्या फळीवर. वरात पोचली की दुसऱ्या दिवशी कुलसुम ती फोडून सगळ्या वाजवणाऱ्यांना एकेक खांड देई. न्यू गुलबहार ब्रास बँडनं घेतलेली सुपारी आजवर परत दिली नव्हती. पावसानं, संपानं, एकदा तर नवरा पळून गेल्यानं वरात अडली होती. बँडमुळं कधीच नाही. इकबालला याचा भारी अभिमान होता.

"सोमवारपतुर डोळ्यात गेलं म्हंजे?" बेगम म्हणाली.

"चार दिसात काय डोळ्यात जातंय? डॉक्टर लोक भीती घालत्यात."

"मी बी डॉक्टर लोकातलीच हाय, भाई."

उंबऱ्यावर बसून चमन आपला कॅसिओ फडक्यानं पुसत होता. वीस वर्षांचं हे शेंडेफळ बँडमध्ये नव्हतं, शहरातल्या एका ऑर्केस्ट्रात होतं, आणि मुंबईहून आणलेल्या त्या लांबट काळ्या पेटीला पोटच्या पोरासारखं जपत होतं. तो मान वर न करता म्हणाला, "आपा बराबर म्हनतीया. उद्याच काढा. आइतवारी मी वाजवतो की. ह्याच्यात सॅक्सोफोनचा आवाज हाय."

त्यानं बटण दाबून दाखवलं. पेटीतून बारीक, नाकातला सूर आला.

"त्यात डासाचाबी आवाज हाय म्हन," इकबाल म्हणाला.

"हातगाडीवर ठिवायचा, मागं बॅटरी, वर दोन कर्णे. आता समदीकडं तसंच चाललंय."

बेगमला ही कल्पना पटली असावी, कारण ती म्हणाली, "न्हायतर काय. हातगाडी तर हातगाडी." बहीण-भावाची अशी फळी झालेली बघून इकबाल चिडला. वरातीत हातगाडी घालायची तर मग भाजीबी विकू या वाटेत, असं तो म्हणाला. चमनचा चेहरा पडला. भावाचा पडलेला चेहरा बघून इकबालला वाईट वाटलं, पण तसं सांगायची रीत या घरात नव्हती, म्हणून तो आणखी मोठ्यानं बोलू लागला.

तेवढ्यात आकाराम आला. बँडमध्ये साइड ड्रम वाजवून त्याला तीस वर्षं झाली होती. ड्रम गळ्यातच होता. तालमीला आला होता बिचारा. एकानं एका बाजूनं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं ते निवांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालक काय म्हंत्यात?"

मालकाला कुणी विचारलंच नव्हतं.

बाबालालनं पत्ती तोंडातून काढली, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "चा टाका कुणीतरी." मग पत्ती पुन्हा तोंडात.

*

त्याला काय वाटत होतं ते एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं.

मुंबईला गेला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, आणि फेलिसियो मास्तरनं त्याचं वाजवणं ऐकायच्या आधी त्याचे दात बघितले होते. मास्तर गोव्याचा. चर्चगेटच्या एका हॉटेलात त्याचा नऊ जणांचा बँड होता. रोज संध्याकाळी साहेबलोक आणि पारशी, नंतर सिंधी-पंजाबी, जोडीनं नाचायला येत. नवा माणूस आला की मास्तर त्याला खिडकीपाशी नेई आणि घोडा विकत घेतल्यासारखं तोंड उघडायला लावी. बोटं शिकवता येतात, कान शिकवता येतात, दात कोण शिकवणार, असं त्याचं म्हणणं. सॅक्सोफोनचा माउथपीस वरच्या दातांवर टेकतो. सूर आधी दातात येतो, दातातून कवटीत, आणि मग कानात. बाबालालचे दात तेव्हा मक्याच्या कणसासारखे होते. मास्तर म्हणाला, "हा राहू दे."

वाचता त्याला येत नव्हतं. बाकीचे आठ समोर कागद ठेवून वाजवायचे; बाबालाल कागदाकडं बघून कानानं वाजवायचा. सहा महिन्यांनी मास्तरच्या ध्यानात आलं, कारण एके दिवशी कागद उलटा होता. त्यानं हाकललं नाही. रोज सकाळी तासभर आगपेटीतल्या काड्या टेबलावर मांडून त्याला ते काळे ठिपके शिकवले. पुढं दिवसा फिल्लमच्या स्टुडिओत शंभर वाजवणाऱ्यांत बसून वाजवणं आणि संध्याकाळी पांढरा कोट घालून हॉटेल, अशी एकोणीस वर्षं गेली. वर्षातून दोनदा कोल्हापूर. पोरं दर वेळी एक वीत उंच झालेली.

त्या हॉटेलातलं वाजवणं सरळ चालायचं नाही. एक मात्रा लांब, एक आखूड, जरा मागं रेलून. यादीत सातव्या नंबरावर मास्तरची स्वतःची एक संथ चीज होती. तिला नाव नव्हतं, सगळे सात नंबरच म्हणत. तिच्या मधल्या भागाला बाकीचे वाजवणारे आवाज खाली घेत आणि बाबालाल एकटा उभा राहून वाजवायचा. आयुष्यात त्यानं जे काही बरं केलं असेल ते त्या दोन मिनिटांत केलं, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

आणि ते घरातल्या एकाही माणसानं ऐकलं नव्हतं.

कुलसुमला तो दर सुट्टीला म्हणायचा, तुला एकदा नेतो ऐकायला. पहिली काही वर्षं घरच्या बायकांनी असल्या हॉटेलात जायचं कसं, यात गेली. मग बँड चालवणारा त्याचा म्हातारा बाप अर्धांगानं आडवा पडला, त्यात गेली. मग एकाएकी नाचायचे हॉलच बंद पडले, टेबलं मांडून तिथं जेवणं सुरू झाली, फेलिसियो मास्तर गोव्याला जाऊन वारला, आणि एकाहत्तर साली बाबालाल सॅक्सोफोनची पेटी घेऊन एसटीतून कोल्हापूरला उतरला. तेव्हापासून वरातीत फिल्लमची गाणी. सरळ.

बाबालालला दातांचं दुःख नव्हतं, दुखणं होतं तेवढंच. कवळी बसवता येते. कवळीवर फुंकताही येतं; पण कवळीतून सूर डोक्यात येत नाही. मुंबईत त्यानं कवळी लावलेले दोघे-तिघे बघितले होते. वाजवताना ते बहिऱ्यासारखे दिसायचे. वारणानगरच्या वरातीसाठी हे चार दात चार दिवस राखावेत असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. हातात आजची संध्याकाळ होती, आणि कुलसुमनं एकदा ऐकायला हवं होतं. पण हे चाळीस वर्षांच्या संसारानंतर, पोरांसमोर, कुठल्या तोंडानं म्हणायचं?

*

चहा आला. आकाराम बशीत ओतून म्हणाला, "मालक, एक सांगू का? आइतवारी तुमी वाजवलं न्हाय तर मलाबी करमायचं न्हाय. पर बावड्याच्या घोडीगत झालं तर?"

चमन हसला. बेगमनं विचारलं, "कसली घोडी?"

"तुला म्हाईत न्हाय? तुझं लगीन त्याच सालचं. मालक नुकतंच मुंबैवरनं आलतं. गगनबावड्याला वरात. धुकं हे असं, म्होरचा मानूस मागल्याला दिसत न्हवता. मालकांनी गाणं उचललं आनी मधीच काय त्येंच्या मनात आलं कुनास ठावं, लंगडं वाजवाय लागलं."

लंगडं. मुंबईच्या त्या रेललेल्या चालीला गंगावेशीत हेच नाव पडलं होतं.

"झालं की," आकाराम म्हणाला. "माझं पाय सरळ चालल्यात, मालकांचा सूर लंगडतोय. ढोलवाला माझ्याकडं बघतोय, मी ढोलवाल्याकडं. मागली मानसं एकमेकांच्या टाचा तुडवाय लागली. आनी घोडी जी उभी ऱ्हायली ती ऱ्हायलीच. बँडाच्या ठेक्यावर चालायला शिकीवलेलं जनावर, त्येला ठेकाच गावंना. नवरदेव उतरून चालत मांडवात गेला."

सगळे हसले. बाबालालही हसला, गालावर हात दाबून.

इकबाल हसला नाही. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, आणि त्या रात्री परतताना ट्रकमध्ये सगळ्या वाजवणाऱ्यांसमोर तो बापाला म्हणाला होता, "हे मुंबईचं मुंबईत ठिवायचं. कोल्हापुरात न्हाय वाजवायचं." बापानं बरं म्हटलं होतं. एवढंच. तेरा वर्षं झाली, बाबालालनं चारचौघांत पुन्हा कधी लंगडं वाजवलं नाही. फक्त पहाटे, फजरच्या नमाजानंतर दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, आत बसून, अगदी हलक्या फुंकरीनं. इकबाल माडीवर अंथरुणात पडून ते ऐकायचा. पहिली काही वर्षं तो रागानं ऐकायचा. ज्या वाजवण्यापायी बाप घरी नव्हता ते हे एवढंसं, असं त्याला वाटायचं. मग राग कधी गेला ते त्याला सांगता आलं नसतं. पण एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर त्याचा दिवस वाईट जायचा. वारणानगरची सुपारी त्यानं घेतली ती काही सुपारीसाठी नव्हे. कुणीतरी दुकानात येऊन बाबालालच पायजेत म्हणालं होतं. ते बापाच्या कानावर पडावं, आणि बापानं एकदा हजार माणसांत मान वर करून वाजवावं, एवढंच त्याला हवं होतं.

हे तो बोलला असता तर भांडण तिथंच मिटलं असतं. तो म्हणाला, "सोमवारी. ठरलं."

"काय ठरलं न्हाय," असं म्हणत कुलसुम बाहेर आली.

*

ती इतका वेळ आत तांदूळ निवडत होती. उद्यापासून मऊ भात लागणार म्हणून जुना तांदूळ काढला होता, म्हणजे तिच्यापुरतं सकाळीच ठरलेलं होतं. बाहेरचा शब्द न शब्द तिला ऐकू येत होता, घोडीसुद्धा.

सासऱ्यांना अर्धांग झालं ते बासष्ट साली. बँड मोडायला आला होता. भावकी जमली, आणि सगळ्यांनी मिळून कुलसुमला सांगितलं, तू जाऊन त्याला घेऊन ये, बायकोचं ऐकेल तो. ती थोरल्या भावाबरोबर मुंबईला गेली. तिसऱ्या दिवशी नवऱ्याशिवायच परत आली आणि म्हणाली, हॉटेल बंद होतं, गाठ पडली नाही. भावानं तिच्या शब्दाखातर तेच सांगितलं. आता तो भाऊही राहिला नाही. त्यानंतर नऊ वर्षं बँड तिनं चालवला. दुकानात पडदा लावला, पडद्याआडून सुपाऱ्या घेतल्या, कोट धुतले, भांडणं मिटवली, सासऱ्यांना कूस बदलून दिली. बाबालालला ती दर पत्रात दुसऱ्याकडून एकच ओळ लिहवायची, इकडील सर्व ठीक.

तिच्या हातात पत्र्याचा डबा होता. तिनं तो खाटेवर ठेवला, उघडला आणि सुपारी काढून आकारामच्या हातावर ठेवली.

"आकारामभाऊ, उद्या सकाळच्या गाडीनं तुमी आनी चमन वारणानगरला जावा. ही परत द्या. खरं हाय ते सांगा. मालकांचं दात काढावं लागत्यात, बाबालालचा सॅक्सोफोन आता न्हाय. बँड पायजे असला तर बँड येईल, इकबाल क्लॅरिनेट वाजवतोय. नको असला तर दुसरा बघा, अजून तीन दीस हायत म्हनावं."

"अम्मा, आपून कधी सुपारी परत दिल्याली न्हाय," इकबाल म्हणाला.

"नऊ वर्सं मी घेतल्यात सुपाऱ्या. तू तवा तिकटीवर गोट्या खेळत हुतास. सुपारी घेनाऱ्याला ती परत बी देता आली पायजे. घराचं नाव तुझ्या बाच्या जबड्यापरास मोठं न्हाय."

बेगमनं आईकडं बघितलं आणि पहिल्यांदाच पिशवीतून पाण्याची बाटली काढून प्याली. तिला वाटलं होतं, आई थोरल्याच्या बाजूनं बोलेल, नेहमी बोलायची. चमन कॅसिओ पुसायचा थांबला. आकारामनं सुपारी कपाळाला लावून खिशात टाकली. इकबाल भिंतीवरच्या कोटांकडं बघत उभा राहिला.

"झालं?" कुलसुमनं डबा बंद केला.

"एक ऱ्हायलं," बाबालाल म्हणाला.

पत्ती त्याच्या हातात होती. ती त्यानं माउथपीसवर बसवली, पट्टा आवळला, आणि सॅक्सोफोन मांडीवर घेऊन जमिनीकडं बघत म्हणाला, "तुला ऐकवायचं ऱ्हायलं, कुलसुम. मुंबैचं. दरसाली म्हणत आलो. आता उद्या दात गेलं की गेलं."

बेगम म्हणणार होती की सुजेवर जोर नको, पण तिनं बापाचं तोंड बघितलं आणि नुसतं म्हणाली, "थोडंच हां."

बाबालाल इकबालकडं बघत होता. परवानगी मागितल्यासारखं. ते इकबालला सहन झालं नाही. तो पुढं झाला, आकारामच्या गळ्यातला ड्रम काढून घेतला, खाली मांडी घालून तो समोर ठेवला आणि म्हणाला, "वाजवा, अब्बा. लंगडंच वाजवा."

"तुला जमंल?"

"आकारामभाऊस्नी जमायचं न्हाय. मी ऐकलंय रोज सकाळचं."

बाबालाल त्याच्याकडं बघतच राहिला.

चमन म्हणाला, "थांबा, थांबा. ह्यात बी हाय ते." त्यानं कॅसिओवरच्या बटणांवरून बोट फिरवलं. वॉल्ट्झ, रुंबा, आणि एका बटणाखाली स्विंग. त्यानं दाबलं. पेटी टिक-टटिक, टिक-टटिक करायला लागली.

बाबालाल कान देऊन ऐकत राहिला. "आयला," तो म्हणाला, "मशिनीला बी लंगडं येतंय व्हय." मग जरा वेळानं, "चालतंय बरं. डुलत न्हाय. पर असू दे, बारीक कर. इकबाल, तू त्येच्या मागं मागं ये."

इकबालनं काठ्या बाजूला ठेवल्या. उजव्या हाताचा तळवा त्यानं ड्रमच्या कातड्यावर गोल घासायला सुरुवात केली, आणि डाव्या बोटांनी मधूनमधून हलकीशी थाप. बाबालालला फेलिसियोचा ड्रमर आठवला, तो तारांच्या कुंच्यानं असाच आवाज काढायचा. हे पोराला कुणी शिकवलं नव्हतं.

मग त्यानं सात नंबर उचलला.

*

चमननं आपला बाप वाजवताना हजारदा ऐकला होता, पण असा नव्हे. सूर घाईत नव्हता. खोलीत येऊन बसल्यासारखा आला, थोडा उशिरानं, आणि उशिरा आल्याची त्याला लाज नव्हती. चमननं डाव्या हातानं खालचे स्वर शोधले. दोन चुकले, तिसरा लागला, आणि बापानं भुवई उचलून बराबर म्हटलं. आकाराम रिकाम्या हातांनी उभा होता. त्याचा एक पाय आपसूक सरळ ठेका धरायला गेला, त्यानं तो दुसऱ्या पायानं दाबून धरला. बेगम बापाच्या डोळ्याखालची सूज बघत होती. ती सूज थरथरत होती. तिला उठून थांबवावंसं वाटत होतं आणि तिनं थांबवलं नाही.

पहिला भाग संपला. मधला भाग आला. बाबालालनं खाटेवर बसल्या बसल्याच श्वास घेतला.

"अवो," कुलसुम म्हणाली, "हितं उभं ऱ्हावा की."

त्यानं ते ऐकलं आणि तसाच एक स्वर वाजवला. मग तो स्वर मध्येच तुटला. इकबालचा हात ड्रमवर थांबला. कॅसिओ तेवढा टिक-टटिक करत राहिला, मग चमननं तोही बंद केला.

"काय म्हनालीस?"

"ह्या जागंला तुमी उभं ऱ्हायचा."

बाबालालनं माउथपीस तोंडातून काढला. पत्तीवर जरासं रक्त होतं. "तुला कुनी सांगितलं?"

"सांगतंय कोन. मी बघितलंय." कुलसुम डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत होती. "हाटेलाच्या मागल्या बोळात मुदपाकखान्याची खिडकी हुती. भाईनं भटारखान्यातल्या मानसाला सांगून मला थितं उभं केलं. मासळीचा वास हा एवढा. पडदा हालला की तुमी दिसायचा. पांढरा कोट, केस मागं. समदी बसल्याली, आनी तुमी एकटं उठून उभं ऱ्हायला. डोळं मिटल्यालं."

"तू आलतीस?"

"आलतो की. बासष्ट साली. तुमास्नी न्ह्यायला."

इकबाल मान वर करून आईकडं बघत होता. बासष्ट साली तो बारा वर्षांचा होता. आई मुंबईहून परतली तेव्हा तो स्टँडवर गेला होता, आणि एसटीतून ती आणि मामा एवढेच उतरले होते. बाप का आला नाही, याचं उत्तर त्यानं पुढं मनातल्या मनात स्वतःच बनवलं होतं, आणि ते उत्तर घेऊन तो मोठा झाला होता.

"मी तुझ्यापासनं धा हातावर हुतो," बाबालाल म्हणाला. "मग हाक का न्हाय मारलीस?"

कुलसुमनं डबा मांडीवर घेतला.

"मारली असती तर तुमी आला असता," ती म्हणाली.

बाहेर गंगावेशीत टांगेवाला कुणाला तरी बाजूला व्हायला सांगत होता. बाबालाल दोन्ही हातांनी सॅक्सोफोन धरून बसला होता. एकोणीस वर्षं आपण घराच्या पाठीमागं काहीतरी चोरून केलं, असं त्याला वाटत आलं होतं. आणि त्यातली नऊ ह्या बाईनं त्याला हातात उचलून दिली होती. त्याचे डोळे भरून आले. पोरांसमोर त्यानं ते पुसलेही नाहीत.

मग तो खाटेवरून उठला. पट्टा मानेत सारखा केला.

"इकबाल," तो म्हणाला, "मधल्यापासनं."

इकबालनं तळवा कातड्यावर टेकवला. चमननं बटण दाबलं. बाबालालनं वरचे चार दात माउथपीसवर ठेवले, डोळे मिटले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत उघडले, आणि कुलसुमकडं बघत मधला भाग अखेरपर्यंत वाजवला.

वाजवून झाल्यावर त्यानं पत्ती काढली, सदऱ्याला पुसली आणि तिच्यापुढं धरली. कुलसुमनं डबा उघडला. सुपारी गेली होती, जागा होती. तिनं पत्ती आत ठेवली आणि झाकण लावलं.

"बेगम," बाबालाल म्हणाला, "धा वाजता म्हनालीस न्हवं?"